मागे तोंड करून बसायची जागा

१

माझा धंदा वजनांचा. म्हणजे भुसार दुकान नव्हे. जपानमध्ये, त्सुकुबामधल्या एका संशोधन संस्थेत मी वजनं तपासतो. एक किलोचं वजन खरोखर एक किलोच आहे का, हे बघण्यात माझी अठरा वर्षं गेली. 'अंदाजे' हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठी पडते, आणि म्हणूनच चारुता, माझी बायको, तो दिवसातून चार वेळा मुद्दाम वापरते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून हा माणूस मुळात भाबडा असेल असं कुणाला वाटायला नको. मी भाबडा नाही. फक्त एकाच बाबतीत माझं डोकं चालत नाही, ती म्हणजे जुन्या अमेरिकन स्टेशन वॅगन.

बाबा पीएचडीसाठी मिशिगनला होते तेव्हा मी पाच ते नऊ वर्षांचा होतो. त्यांनी दोन-तीन हात फिरलेली एक वॅगन घेतली होती. पुढचं टोक घरी पोचलं तरी मागचं अजून चौकातच असतं, असं आई म्हणायची. दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या, म्हणजे लाकडासारखा दिसणारा चिकटकागद. उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास. आणि सगळ्यात मागे, सामानाच्या जागेत, खालून उचलून उभी करायची दोन मुलांपुरती सीट. तिचं तोंड मागच्या काचेकडे. सगळं कुटुंब पुढे बघत चाललेलं असायचं आणि विद्याताई आणि मी मागे बघत. मागच्या गाडीतल्या माणसाला हात करायचा आणि तो उलटा करतो का बघायचं, एवढाच खेळ आम्ही चार वर्षं खेळलो. पुण्याला परत आल्यावर बाबांनी स्कूटर घेतली, आणि मी पुन्हा कधी तसा मागे बघत कुठे गेलो नाही.

२०१७च्या एप्रिलमध्ये तसलीच गाडी मला जपानी जाहिरातीत दिसली. सेंदाईच्या दक्षिणेला, समुद्राजवळच्या एका गावात. फळ्यांसकट, मागच्या सीटसकट.

"आपण माणसं तीन," चारुता म्हणाली, "आणि गाडी आठ जणांची. उरलेले पाच कुठून आणणार आहेस?"

"आर्याला मागे बसवायचंय," मी म्हणालो. आर्या आमची मुलगी. नुकतीच सहा पूर्ण होऊन पहिलीत गेली होती. मला जे मिळालं होतं ते तिला द्यायचं होतं, बाकी काही नाही. हे आज लिहितानाही मला स्वतःचा राग येतो.

२

मेच्या सुट्टीत आम्ही तिघं ट्रेननं गाडी आणायला गेलो. त्सुनामी आणणाऱ्या त्या मोठ्या भूकंपाला सहा वर्षं झाली होती. गाडीचा मालक हसरा म्हातारा होता. गाडी त्यानं टेकडीवरच्या शेडमध्ये जपून ठेवली होती. टेकडीखाली समुद्रापर्यंत सपाट जमीन, गवत, मधूनमधून घरांची नुसती जोती आणि मातीचे ट्रक. त्याबद्दल तो काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही.

कागदपत्रं झाली आणि पुण्याहून आईचा फोन आला. चारुतानं स्पीकर लावला.

"तिघंच गेलात?" आईनं विचारलं. "अगं, नवीन वस्तू आणायला तिघं जातात का कुणी? चौथी सुपारी तरी घ्यायची बरोबर."

"आई, सुपारी गणपतीतच संपली हो. इथे कुठे मिळणार?"

"मग निघताना एखादा खडा घे. आणि नुसता उचलू नकोस. 'चला, चौथे म्हणून आमच्याबरोबर चला' असं म्हणून घे."

आमच्याकडे ही रीत आहे. तिघांनी मिळून कामाला निघायचं नाही. निघावंच लागलं तर सुपारी किंवा खडा माणूस म्हणून मोजायचा. घरी पोचलं की तो खडा बाहेरच टाकून द्यायचा. मी हसलो, पण चारुतानं मनावर घेतलं. टेकडीच्या वळणावर पाइनच्या झाडाखाली गुडघ्याएवढी एक दगडी मूर्ती होती, गळ्यात लाल कापड बांधलेली. तिच्या पायाशी कुणीतरी गोट्यांच्या लहान लहान चळती रचल्या होत्या. देवाच्या दारातला खडा केव्हाही चांगला, म्हणून चारुतानं एका चळतीवरचा सगळ्यात वरचा गोटा उचलला. गुळगुळीत, शाळिग्रामासारखा. हात जोडून ती म्हणाली, "चला, चौथे म्हणून आमच्याबरोबर चला."

मला थट्टा सुचली. मी गोटा मागच्या सीटवर आर्याच्या शेजारी ठेवला आणि त्याच्यावरून पट्टा लावला. "गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला पट्टा पाहिजे," मी म्हणालो. आर्या खिदळली.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आम्ही इतके थकलो होतो की गोटा टाकून द्यायचं कुणाच्याही लक्षात आलं नाही.

३

आमचा शनिवार ठरलेला असतो. सकाळी दहाला बाजारहाटाला निघायचं. शेजारच्या मोरिता-सानही त्याच वेळी त्याच दुकानात जातात. सत्तरीच्या, एकट्या, पिवळ्या नंबरप्लेटची छोटीशी गाडी चालवणाऱ्या. आमच्या त्या अजस्र गाडीमागून त्यांची गाडी येताना मला आरशात दिसायची. आर्या त्यांना हात करायची, त्या आर्याला. मला इतकं सुख झालं होतं की मी सिग्नलला मुद्दाम हळू व्हायचो.

तिसऱ्या शनिवारी दुकानाच्या पार्किंगमध्ये मोरिता-सान जवळ आल्या.

"धाकटी कधी आली भारतातून?" त्यांनी विचारलं.

"कोण धाकटी?"

"आर्या-चानच्या शेजारी बसते ती. आज तिनंही हात केला. लाजते थोडी."

मी म्हटलं, आर्याचा ससा असेल. कापडी, पांढरा, हिच्याएवढाच उंच. मोरिता-सान हसल्या आणि मान डोलवून गेल्या. घरी आल्यावर मी सामान उतरवलं. ससा आर्याच्या पलंगावर पडला होता, भिंतीकडे तोंड करून. तो त्या दिवशी घराबाहेर गेलाच नव्हता.

काचेवरचं प्रतिबिंब असणार, मी स्वतःला सांगितलं. मागची काच मोठी आणि तिरकी आहे, झाडंबिडं दिसतात तिच्यात. म्हातारीची नजर कितीशी चांगली असणार! मी गाडी बंद करायला गेलो, तर मागच्या सीटवरचे दोन्ही पट्टे लावलेले होते. आर्या नुकतीच तिचा सोडून उतरली होती, मी बघितलं होतं. मी दोन्ही सोडले आणि तिला रागावलो, उगाच खेळत जाऊ नकोस म्हणून.

"मी नाही लावला," ती जपानीत म्हणाली. आर्या घरात मराठी ऐकते आणि उत्तर जपानीत देते. "तिला स्वतःला लावता येतो आता."

ती हे इतक्या सहज म्हणाली की मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. मुलं असले मित्र कल्पतातच, मी चारुताला म्हणालो. चारुता काकडी चिरत होती. तिनं वर बघितलं नाही.

४

आर्या जन्मल्यापासून दर रविवारी सकाळी मी तिचं वजन करतो. फ्रिजवर तक्ता आहे. चारुता त्याला माझी पूजा म्हणते.

सात मेला वीस किलो चारशे. चार जूनला एकोणीस पाचशे. दोन जुलैला अठरा चारशे.

पहिला संशय मी काट्यावर घेतला. संस्थेतून तपासलेली वजनं आणून त्यावर ठेवली. काटा अचूक होता. मग आर्याकडे बघायला लागलो. ती पोटभर जेवत होती, धावत होती, उंची एक सेंटिमीटरनं वाढली होती. गाल तसेच, दंड तसेच, एकही फ्रॉक ढिला झाला नव्हता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली आणि सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं. पण मी तिला उचललं की हाताला कळायचं. दिसायला भरलेली आणि उचलली की रिकामी पिशवी. मला भीती वाटायला लागली ती तेव्हापासून. आधीची नुसती चुटपुट होती.

माझं डोकं शहाण्या माणसासारखं गाडीकडे वळलं. असल्या गाड्यांत सायलेन्सरचा धूर मागच्या काचेतून आत येतो हे सगळ्यांना माहीत आहे. मी मागच्या सीटपाशी विषारी वायू ओळखणारं यंत्र बसवलं. आठ दिवस त्यावर शून्य दिसत राहिलं. तरी मी आर्याला मागे बसायला बंदी केली आणि सीट खाली पाडून वर चादर अंथरली.

त्याच सुमाराला मला दिसलं की गाडी मागून एका अंगाला बसली आहे. टेप लावून मोजलं, आठ मिलिमीटर. जुनी स्प्रिंग, दुसरं काय? पण आर्या बसायची ती ही बाजू नव्हती. ही दुसरी बाजू होती.

बंदी घातल्यावरही वजन उतरतच राहिलं. एका दुपारी मी लवकर घरी आलो तर चारुता अंगणात आर्याला हाका मारत होती. आर्या गाडीत सापडली. चादर घडी करून ठेवलेली, सीट उभी केलेली. ती सीट उचलायला मलाही दोन्ही हात लागतात.

"कुणी उचलली?" मी विचारलं.

"आम्ही दोघींनी."

"आर्या, कोण आहे ती? कशी दिसते?"

आर्यानं माझ्याकडे असं बघितलं, की एवढं सोपं याला कसं कळत नाही. "थोडंच राहिलंय," ती म्हणाली.

"कशाला राहिलंय?"

मी तिला उचलून घरात आणलं, आणि ते करताना मला एक हातसुद्धा पुरला.

५

जूनमध्ये मी गाडीला कॅमेरे बसवले होते, इथे सगळेच बसवतात तसे. एक पुढच्या काचेला, एक मागच्या. मागचा कॅमेरा काचेला चिकटून बाहेर बघतो, त्यात सीट येत नाही. मागून येणाऱ्या गाड्या आणि त्यांतली माणसं येतात. त्या सीटवर बसलेल्याला जे दिसतं तेच. आर्याला गाडीतून उचलून आणलं त्या संध्याकाळी मी ते सगळं चित्रीकरण बघायला बसलो.

जूनमध्ये माणसं हसत होती. सिग्नलला थांबलेले लोक आधी एका बाजूला हात करत, मग दुसऱ्या बाजूला. एका हेल्मेटवाल्या पोरानं दोन बोटं दाखवली, एकदा इकडे आणि एकदा तिकडे.

जुलैमध्ये ती हसायची थांबली. एक ट्रक ड्रायव्हर हात वर करतो आणि हात तसाच राहतो. त्याची नजर एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाते, पुन्हा पहिल्या बाजूवर येते. काळा चष्मा काढून तो पुन्हा बघतो. सिग्नल हिरवा झाल्यावर मी निघालो, तो निघाला नाही. त्याच्यामागचे हॉर्न मारत होते. दुसऱ्या एका गाडीत पुढे बसलेल्या बाईनं मागे वळून आपल्या मुलाचे डोळे हातानं झाकले.

मग मला अकरा जुलैचा भाग सापडला. मंगळवार होता. आर्या शाळेत होती, चारुता घरी. मी एकटा पेट्रोल भरायला गेलो होतो, सीट पाडून चादर अंथरलेली होती. मागच्या गाडीत एक आजी होत्या. त्या आमच्या गाडीकडे बघून तळहात वरखाली करत होत्या. बस, खाली बस. चालत्या गाडीत उभ्या राहिलेल्या पोराला करतात तशी खूण. नंतर त्यांनी बोट उगारून दटावलं. आणि नंतर, काय झालं कोण जाणे, त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि गाडी कडेला घेतली.

मी संगणक बंद केला. त्या दिवशी पेट्रोल भरायला जाताना मी गाणं गुणगुणत होतो, तेही मला आठवलं.

६

पुढच्या शनिवारी मोरिता-सान आमच्या दाराशी आल्या. परसातल्या काकड्या द्यायला म्हणून. काकड्या देऊन झाल्या तरी त्या जाईनात.

"मी हल्ली पाच मिनिटं उशिरा निघते," त्या म्हणाल्या. "तुमच्या मागे यायला नको म्हणून. राग मानू नका."

"का पण?" चारुतानं विचारलं.

"आधी मला कळायचं आर्या-चान कोणती ते. आता जुळ्याच वाटतात. आणि मागच्या वेळी मी आर्या-चानला हात केला, तर..." त्या थांबल्या. "तर मला वाटलं, मी चुकीच्या मुलीला केला."

चारुता पायरीवरच बसली. मग तिनं आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत गोट्याचं सांगितलं. तिघांचं, चौथ्याचं, पाइनच्या झाडाखालच्या मूर्तीचं. मोरिता-सान ऐकत होत्या.

"तो दगड नुसता पडलेला होता, की दुसऱ्या दगडांवर ठेवलेला?"

"ठेवलेला. सगळ्यात वरचा."

मोरिता-साननी डोळे मिटले. "ते लहान मुलांसाठी रचतात," त्या म्हणाल्या. "जी राहिली नाहीत त्यांच्यासाठी." त्या वाकून नमस्कार करून गेल्या. घरी जाताना त्यांनी आमच्या गाडीला वळसा घातला.

"मी बोलावलं रे तिला," चारुता म्हणाली. "सत्यजित, मी हात जोडून चला म्हटलं. कुणाचं तरी लेकरू मी गाडीत घालून आणलं, आणि घरी आल्यावर साधं बघितलंसुद्धा नाही."

"पट्टा मी लावला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, तेवीस जुलैला, आर्याचं वजन भरलं सतरा किलो शंभर. गोटा मागच्या सीटच्या फटीत सापडला. हे असंच चालू राहिलं तर किती आठवडे उरतात, याचं गणित मी घातलं. गणित सोपं होतं. आकडा मी चारुताला सांगितला नाही.

७

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. ट्रेननं जाऊ, असं मी म्हणालो होतो. चारुता म्हणाली, ज्या गाडीतून आणलं त्याच गाडीतून न्यायचं; पाहुण्याला पोचवायचं तर नीट पोचवायचं. आर्याला घेऊन ती मधल्या सीटवर बसली. गोटा तिच्या पर्समध्ये रुमालात होता. आर्या निघाल्यापासून झोपली होती, आणि अलीकडे ती फारच झोपायची.

जोबान महामार्गावर हिताचीच्या पुढे बोगदे लागतात, एकामागून एक. पहिल्या बोगद्यात शिरलो, बाहेरचा उजेड गेला आणि मागची मोठी काच आरशासारखी झाली. मी सवयीनं डोक्यावरच्या आरशात बघितलं. सीट पाडलेली होती, चादर नीट होती. काचेत गाडीचं आतलं छत दिसत होतं, दिव्यांचे पट्टे येत होते, जात होते. आणि खाली, चादरीच्या जरा वर, एक चेहरा होता. आर्याचा चेहरा. डोळे उघडे, पुढे, माझ्याकडे.

"चारुता," मी म्हणालो, "आर्या उठली का?"

"नाही रे. माझ्या मांडीवर आहे. गाढ झोपलीय."

बोगदा संपला. काचेत पुन्हा रस्ता आणि डोंगर दिसायला लागले. पुढच्या अकरा बोगद्यांत मी आरशाकडे बघितलं नाही. माझे हात स्टिअरिंगवर ओले झाले होते आणि पॅन्टला पुसायलाही मी ते उचलले नाहीत.

टेकडीच्या वळणाशी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पाइनचं झाड नव्हतं. मूर्ती नव्हती. सगळा उतार खणून सपाट केला होता, नवा रस्ता आखला होता. पिवळा झेंडा धरून उभ्या असलेल्या कामगारानं सांगितलं की तिथल्या सगळ्या मूर्ती वरच्या देवळाच्या आवारात हलवल्या आहेत.

देवळाच्या आवारात तशा चाळीसेक मूर्ती ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीच्या पायाशी गोट्यांच्या चळती, नव्यानं रचलेल्या. कोणती आपली? आर्या गाडीतच झोपली होती, खिडक्या उघड्या होत्या, गाडी वीस पावलांवर होती. आम्ही दोघं त्या मूर्तींमधून वेड्यासारखे फिरलो. शेवटी चारुतानं एका चळतीवर गोटा ठेवला आणि रडायलाच लागली. "हीच असेल ना रे? अंदाजे तरी?"

या वेळी मला आठी पडली नाही. "हीच असेल," मी म्हणालो.

८

परत वळलो तर गाडीच्या मागे एक म्हातारी उभी होती. देवळातलीच असावी, हातात खराटा, कमरेला निळा एप्रन. मागच्या काचेतून आत बघून ती हळू आवाजात काहीतरी बोलत होती, मुलांशी बोलतात तसं. मधली सीट रिकामी होती.

आम्हाला बघून तिनं नमस्कार केला. ती घाबरलेली नव्हती. मोरिता-सान घाबरल्या होत्या, तो ट्रकवाला घाबरला होता. ही नाही.

"दमून आलात," ती मला म्हणाली. आणि मग अगदी अदबीनं, दुकानात विचारतात तसं तिनं विचारलं, "यांतली कोणती इथे ठेवून जायचीय?"

मी काचेत बघितलं. काचेत आभाळ दिसत होतं आणि माझा चेहरा. मी मागचं दार उघडलं.

सीट उभी होती. एका बाजूला आर्या बसली होती, पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं, पण पट्टा तिकडेही लावलेला होता, आणि तो सैल नव्हता.

"बाबा," आर्या म्हणाली.

मी तिचा पट्टा सोडला आणि तिला उचललं. माझे हात सतरा किलोच्या तयारीनं गेले होते आणि मी जवळजवळ पुढे पडलो. ती जड होती. भरलेली, गरम, घामेजलेली, खरीखुरी जड. वीस किलो चारशे, कदाचित थोडं जास्तच. मला हुंदका फुटला. मी तिला छातीशी घट्ट धरलं आणि म्हाताऱ्या बाईला म्हणालो, "ही आमची. हिला घेऊन जातो."

"नक्की ना?" तिनं विचारलं.

"नक्की."

तिनं खराटा गाडीला टेकवला, आत वाकून दुसरा पट्टा सोडला आणि हात पुढे केला. "चल गं," ती म्हणाली. मग ती मूर्तींच्या दिशेनं चालायला लागली, एक हात खाली धरून, सहा वर्षांच्या मुलाचा हात असतो तेवढ्या उंचीवर. सावकाश चालत होती, कारण शेजारी चालणारं काही फार हलकं, फार अशक्त असावं. चार पावलांवर ती थांबली. तिचा निळा एप्रन मागे ओढला जात होता. वारा नव्हता. एप्रनचं एक टोक मुठीत धरल्यासारखं चुरगळलं होतं आणि आमच्या दिशेनं ताणलं जात होतं, पुन्हा पुन्हा.

मी तिकडे बघत होतो, तेवढ्यात कडेवरच्या मुलीनं आपले दोन्ही तळहात माझ्या गालांवर ठेवले आणि माझा चेहरा स्वतःकडे वळवला. जोर लावून. ती हसत होती.

"घरी जाऊ या," ती म्हणाली.

मी गाडी चालू केली. चारुता तिला कुशीत घेऊन मधल्या सीटवर बसली होती, तिच्या केसांवरून हात फिरवत होती. आम्ही टेकडी उतरलो. मग चारुतानं विचारलं, अगदी हळू, "तू नीट बघून घेतलंस ना रे? आपलीच आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

खाली चौक होता. रस्ता रुंद होता, मागेपुढे एकही गाडी नव्हती. तिथून वळून परत वर जायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. मी सरळ गेलो.